कपाटावरचा फोन

सासूबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि सुनेचा फोन कपाटावर ठेवून दिला. महिनाभर रोज संध्याकाळी हेच चाललं होतं, आणि त्यात त्यांचा फायदाच होता. मुलगा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा. सुनेला सातवा महिना चालू होता. पूर्वी त्याचा फोन आला की ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि फोन पोटावर टेकवायची. बाप बाळाशी गप्पा मारायचा. सासूबाईंच्या वाट्याला दाराबाहेर ऐकू येणारं हसू. मग त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, तोही फोनवरच: फोनच्या लहरी गर्भाच्या मेंदूत शिरतात म्हणे. तेव्हापासून फोन कपाटावर, स्पीकर चालू, सून चार हात लांब. सासूबाई घाबरल्या होत्या हे खोटं नाही. पण घाबरल्यामुळे मुलाचं बोलणं अख्खं ऐकायला मिळत असेल, तर कोण नको म्हणेल?

आज मात्र सून पलंगावरून उठलीच नाही. डाव्या कुशीवर, तळहात पोटावर.

"आई, सकाळपासून हललं नाही."

"झोपलं असेल."

"जेवले, गोड खाल्लं, कूस बदलली. काहीच नाही."

सासूबाईंनी पोटावर हात ठेवला, थांबल्या. मग चपला शोधायला लागल्या.

"चल, ऊठ. दवाखान्यात जाऊ."

एक चप्पल पायात असतानाच फोन वाजला. त्या तशाच स्टुलावर चढल्या, फोन उचलून, स्पीकर लावून उतरल्या आणि थेट सुनेच्या पोटावर टेकवला.

"अहो आई, त्या लहरी..."

"गप. बोल रे बाळाशी. पूर्वी बोलायचास तसं."

"काय झालंय?"

"बोल म्हणते ना!"

पलीकडून तो घसा खाकरून म्हणाला, "काय पैलवान, ओळखलंस का? आज वारा असा होता, तुझा बाप वर केबिनमध्ये डुलत होता नुसता..."

दोघी पोटाकडे बघत राहिल्या. फोनच्या कडेला कातडी हलकेच उचलली गेली. पुन्हा एकदा, जोरात.

"आई," सून म्हणाली, "आवाज ओळखून हललं, की त्याला सोसलं नाही?"

सासूबाईंनी चटका बसावा तसा फोन उचलला.

तरी दोघी दवाखान्यात गेल्याच. नर्सने बाळाचे ठोके ऐकवले. अगदी व्यवस्थित.

"आणखी काही विचारायचंय?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, मिटलं. नर्स 'धोका असतो' म्हणाली, तर आत्ता केलं त्याचं काय? 'काही नसतं' म्हणाली, तर महिनाभर बापाला लांब ठेवलं त्याचं काय?

"नाही, काही नाही," सून म्हणाली.

बापाला बाळाशी बोलायला मिळालं. आजीला लाथ बघायला मिळाली. सून आधी बाळ हललं नाही म्हणून घाबरली होती. आता ते हललं की दचकायची.