पहिलं फळ न धुता

रविवारी सकाळी फाटकाबाहेर गाड्या लागल्या की आक्काच्या अंगात वारं शिरायचं. डोक्याला रुमाल, पायात चिखलाचे बूट आणि तोंडाचा पट्टा चालू. "अहो साहेब, वाफ्यातून नका हो, सरीतून चला! तुमच्या बुटाखाली माझी सहा महिन्यांची कंबर मोडली!" लोक हसायचे आणि पाय सांभाळायचे. काही जण तर तिचा ओरडा ऐकायलाच येत असावेत.

मळा स्ट्रॉबेरीचा. यायचं, टोपली घ्यायची, आपल्या हाताने फळं तोडायची आणि जाताना शेडमध्ये वजन करायचं. तिथे काट्यापाशी आई बसायची. तिच्या मागे फळीवर जॅमच्या बरण्या, पुढ्यात कांदे, भोपळे, जे निघालं असेल ते. गाड्या लावणं, फोन घेणं, मोठ्या मंडळींशी गोड बोलणं हे आक्काच्या धाकट्या भावाकडे. आई त्याला अजून 'राजा' म्हणायची, आणि राजाच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या.

मळ्याची एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. आलेल्या माणसाने पहिलं फळ वाफ्याशी उभं राहून खायचं, तेही न धुता. मग टोपली मिळायची. वडील म्हणायचे, "आम्ही विषारी औषध मारत नाही अशी पाटी काय, कुणीही लावेल. मी शब्द देत नाही, फळच देतो. देवापुढे ठेवता येईल तेच माणसाच्या तोंडात घालायचं. तो काय फक्त देव्हाऱ्यातच बसलेला असतो?" वडील गेले, रीत राहिली. पहिलं फळ आक्का स्वतः प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. खाणाऱ्याचे डोळे आपोआप मिटले की तिला पूजा पावल्यासारखं वाटायचं.

त्या रविवारी गर्दीत लायब्ररीतली बाई आपल्या लेकीला घेऊन आली होती. आक्का त्या मुलीला चिमणी म्हणायची. बाजारातली स्ट्रॉबेरी खाल्ली की चिमणीचा घसा सुजायचा. एकदा तर श्वास कोंडला आणि मध्येच गाडी वळवून दवाखाना गाठावा लागला. फळावरच्या फवारणीचं तिला वावडं होतं. इथली मात्र पोटभर खायची. वर्षभर या एका सकाळची वाट बघायची पोर.

"आक्का!" चिमणी सरीतून पळत आली. "ही तोडावीच लागली नाही. नुसती उचलली."

"पिकून गळली असेल गं."

"आणि गार आहे."

"या उन्हात गार?" आक्का हसली आणि वाकून तिने ते फळ हातात घेतलं.

गार होतं. नुसतं गार नव्हे, फ्रिजमधून काढल्यासारखं. देठ सुकलेला, काळपट. आक्काने ते सरीत फेकून दिलं, इतक्या जोरात की चिमणी दचकून रडायलाच लागली.

"ताई, हिने काही खाल्लंय का?"

"नाही हो," लायब्ररीतली बाई गोंधळली. "कशी खाईल? पहिलं तुमच्या हातून घ्यायचं असतं ना? तुमच्यासाठीच थांबली होती."

तुमच्या हातून. आक्काने वाफ्यावरची पानं बाजूला केली. खाली पेंढ्यावर लालबुंद फळं नीट मांडून ठेवलेली, सगळी एका मापाची. तिच्या मळ्यात आजवर दोन फळं एकसारखी निघाली नव्हती. आदल्या दिवशी लोकांनी वाफे अगदी धुऊन नेले होते. "उद्या फाटक उघडायचं नाही, झाडांना श्वास घेऊ दे," असं तिने धाकट्याला बजावलं होतं. सकाळी उठून बघते तर फाटक उघडं, गाड्यांची रांग आणि वाफे लाल. आणि ती खुळी मनात म्हणाली होती, देवाची काय करणी आहे बघा! गर्दीच्या घाईत धाकट्याने भरून ठेवलेल्या टोपलीतूनच ती पहिली फळं वाटत सुटली होती.

ती शेडमध्ये शिरली. काट्यामागे रिकामे क्रेट एकात एक घालून ठेवले होते. त्यांवर घाऊक बाजाराचे शिक्के.

"राजा कुठाय?"

"अगं, हळू बोल," आई म्हणाली. "माणसं आहेत."

धाकटा मागच्या दाराने आला. तोंडावर ते नेहमीचं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू. "आक्का, आधी ऐकून तरी घे. आज एका कंपनीची माणसं सहलीला आलीत, त्यांना मी महिन्यापूर्वी शब्द दिला होता. रिकामे वाफे दाखवू? बाबांचं नाव गेलं असतं."

"बाबांचं नाव? बाबांच्या वाफ्यात परक्याचं विष पेरलंस आणि बाबांचं नाव घेतोस?"

"विष काय म्हणतेस? अख्खं जग तेच खातं."

"जग धुऊन खातं रे! आपण न धुता खायला लावतो. आपणच! त्या पोरीच्या तोंडात मी माझ्या हाताने घातलं असतं. काही झालं असतं तर कुठे तोंड लपवलं असतं मी?"

"ती येणार होती हे मला काय ठाऊक?"

"दरवर्षी येते!"

मग आई खाली बघत पुटपुटली, "मी एकेक फळ फडक्याने पुसून घेतलं होतं गं."

आक्का जागीच थिजली. म्हणजे पहाटे कंदील घेऊन दोघंही वाफ्यात बसली होती. एकजण पानं उचलतोय, एकजण फळं मांडतेय. आणि आक्काला झोपू दिलं होतं. माया म्हणून नव्हे.

"आई, तूसुद्धा?"

"घरातलं घरात राहू दे. आज निभावू या. उद्यापासून तू म्हणशील तसं."

"घरातलं? आई, ते लोकांच्या पोटात चाललंय!"

तिने काट्याचं लोखंडी ताट उचललं, वजनाचा दगड घेतला आणि फाटकासमोर जाऊन असं बडवलं की सरीसरीतले लोक ताठ उभे राहिले.

"टोपल्या खाली ठेवा! वाफ्यातली फळं आमची नाहीत. बाजारातून आणून पेंढ्यात ठेवलीत. फवारलेली आहेत. माझ्या घरच्यांनी ठेवली आणि मी तुमच्या हातावर दिली. ज्यांनी खाल्लीत त्यांनी चुळा भरा, काही त्रास वाटला तर लगेच डॉक्टरकडे जा. तोडलेलं सगळं शेडसमोर ओता."

कुजबुज झाली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी नळाकडे धावलं. टोपीवाला एक गृहस्थ मात्र फोन खिशात टाकत म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, एवढं काय मनावर घेता? सगळीकडे असंच असतं. मुलांचे फोटो छान आले."

एवढा वेळ आक्काने स्वतःला आवरून धरलं होतं. आता बांध फुटला. "मग सगळीकडेच जायचं होतंत! इथे कशाला झिजवलेत पाय? माझा बाप चाळीस वर्षं या मातीत गुडघ्यावर बसला, तो तुमच्या फोटोसाठी नव्हे!"

"अहो, पण..." गृहस्थाने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"आक्का, पुरे!" धाकटा पुढे आला. आता तोही पेटला होता. "चव्हाट्यावर आणलंस ना घर? बरं वाटलं? फळंच आहेत ती, बॉम्ब नाहीत."

आक्काने समोरच्या टोपलीतून एक फळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "खा मग. रीतीप्रमाणे."

सगळे बघत होते. धाकट्याने मान ताठ केली, फळ उचललं, आणि तोंडाशी नेण्याआधी त्याचा हात आपसूक छातीकडे वळला. सदऱ्यावर त्याने ते खसाखसा पुसलं. एकदा, दोनदा. मग आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळलं. पांढऱ्या सदऱ्यावर लाल डाग उमटला होता. कुणीही हसलं नाही. त्याने फळ मुठीत दाबलं आणि गाड्यांच्या दिशेने तोंड फिरवलं.

लोक टोपल्या ओतून निघू लागले. शेडसमोर लाल ढीग साचला. त्यात आक्काची चार-दोन फळंही असणार, पण आता ती कुणी निवडायची?

चिमणी फाटकापाशी आईचं बोट धरून उभी होती. "आक्का, मग तुझी कुठली?"

आक्का वाफ्यात शिरली. गुडघे टेकून एकेक पान उचलत गेली, शेवटच्या सरीच्या टोकापर्यंत. तिथे, कुंपणाच्या सावलीत, लोकांच्या नजरेतून सुटलेलं एक फळ झाडालाच होतं. वेडंवाकडं, एका अंगाने अजून पांढरं. तिने ते नखाने देठासकट खुडलं आणि घेऊन आली. "ही घे. ही माझी. ही बघ, देठ ओला आहे अजून."

लायब्ररीतल्या बाईने आक्काकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आक्का, तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत," ती म्हणाली. "तुमच्यावर अविश्वास नाही हो." आणि मुलीच्या हातातलं फळ तिने अलगद काढून घेतलं, नळाशी गेली, धार सोडली आणि ते फळ धुऊ लागली. उलटंसुलटं करत, बराच वेळ.

आई शेडच्या दारात येऊन उभी होती. धाकटा गाड्यांपाशी. आक्का दोघांच्या मधोमध, रिकामे हात घेऊन.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. आता ओरडली नाही. "तो नळ ऐकताय ना दोघं?"