इंदूबाईंना अकोला नको होतं

माधवीच्या बदलीची बातमी आली तेव्हा इंदूबाई कोलकात्याच्या भाड्याच्या घरात मेथी निवडत बसल्या होत्या. बँकेतून आलेल्या माधवीने चप्पलही न काढता सांगितलं, "आई, अकोला मिळालं! तुयासाठी मागून घेतलं. आता अमरावती दोन तासांवर."

"बरं झालं," इंदूबाई म्हणाल्या आणि कोवळी पानं देठांच्या ढिगात टाकत राहिल्या.

नवरा गेल्यावर अमरावतीच्या घराला कुलूप लावून त्या लेकीसोबत निघाल्या होत्या. आधी हैदराबाद, मग चेन्नई, मग हे. तिवशाची बहीण रुख्मिणी फोनवर दरवेळी हळहळायची, "परक्या मुलखात कशी राहून राहिली वं बाई तू?" इंदूबाई नुसतं हं म्हणायच्या. माधवी कामावर गेली की आपण समोर येईल त्या बसमध्ये चढतो आणि शेवटच्या थांब्यावरच उतरतो, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. हैदराबादेतली हिंदी त्यांना वऱ्हाडीची चुलत बहीण वाटली. चेन्नईत एक अक्षर वाचता येईना, पण बसच्या नंबरांवरून शहर पाठ झालं. कोलकात्यात तर ट्राम होती.

अकोल्यात सगळं सोपं होतं. भाजीवाला ओळखीचं बोलायचा, रुख्मिणी दर पंधरवड्याला ठेचा घेऊन यायची. इंदूबाई मात्र दिवसभर घरातच बसायच्या. माधवीने त्यांचं रक्त तपासून आणलं. सगळं ठीक निघालं.

"मग काहून वं आई, अशी गुमसुम?" एका रविवारी तिने विचारलंच.

"सांगू? रागावशील."

"सांग ना."

"मले तिकडंच आवडे."

मग बसचं सगळं बाहेर आलं. माधवी ऐकतच राहिली. "आणि मले वाटे, तू एकटी घरात कुढून राहिली! मी तीन शहरं बँकेच्या काचेतून पाहिली, आई. तू फिरून राहिली होती?" तिला हसू आलं, आणि मग डोळे भरून आले. "चांगली जागा सोडून आली मी."

"तू मायासाठी केलं, मले समजते. म्हणून त बोलली नाही." इंदूबाई पुढे सरकल्या. "कोलकात्यात नदीकाठी दुर्गेच्या मूर्ती करतात. गवताचा हात, मग माती, मग रंग. डोळे सगळ्यात शेवटी. काहून म्हणून विचारलं, त कारागीर म्हणे, तेव्हा या नि स्वतःच पाहा. मले पूजा नाही कराची. मले फक्त ते पाहाचं आहे."

माधवीने तिथल्या घरमालकिणीला फोन लावला. घरमालकीण म्हणाली, खोली रिकामीच आहे, पाठवून दे.

रुख्मिणीने ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "एकटी? या वयात? लोक काय म्हणतीन?"

"तू पण चाल."

रुख्मिणीने कपाळावरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेले सांगजो."

नवरात्राच्या आधी माधवीने आईला अकोल्याच्या स्टेशनवर हावड्याच्या गाडीत बसवलं. बडनेरा गेलं, चांदूर गेलं. समोरच्या बाईने डबा उघडत विचारलं, "लेकीकडे चालल्या का मावशी?"

"नाही वं. लेक अकोल्यात आहे," इंदूबाई म्हणाल्या. "मी गाव पाहाले चालली."