पाळकांच्या खिशातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुने कानाचे यंत्र आहे. देह शेंगदाण्याएवढा आणि काम एकच, ऐकणे. पण माझे निम्मे आयुष्य कोटाच्या खिशात, पत्र्याच्या डबीत, अंधारात गेले.

सुरुवात मात्र थाटाची होती. डॉक्टरीणबाईंनी चर्चच्या पाळकांच्या उजव्या कानाचा साचा घेऊन त्या मापाने मला घडवले. मी घरी कानात बसताच पाळक चमकून पत्नीला म्हणाले, "अगं, आपलं घड्याळ टिकटिक करतंय!"

"चाळीस वर्षं करतंय," त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या बाई, हसल्या.

काय माझे कौतुक झाले! घरी येईल त्याला ते मला काढून दाखवत.

मग नव्याची नवलाई ओसरली. माझ्यातून त्यांना नको तेही ऐकू येई: भांड्यांची आदळआपट, बाकांची करकर, लोकांची गाऱ्हाणी. "देवाचं ऐकायला यंत्र कशाला?" असे म्हणून ते प्रार्थनेला बसताना मला डबीत ठेवू लागले. प्रार्थना संपे, तरी मी डबीतच. बंद करायचाही त्यांना कंटाळा. चालू यंत्र कोंडले की शिट्टी वाजते. ती सगळ्या घराला ऐकू येई, एक पाळक सोडून!

डबीतून मी सगळे ऐकत होतो. एका सोमवारी बाई म्हणाल्या, "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जरा बोलायचं होतं." पाळक प्रवचन लिहीत होते. विषय होता, देवाची वाणी कशी ऐकावी. मान न वळवता ते म्हणाले, "हो, हो." बुधवारी बाईंनी सारे सांगितले. पुन्हा "हो, हो." शुक्रवारी त्या काही बोलल्याच नाहीत. माझा जीव नुसता गुदमरत होता. ऐकू येते, पण पोचवता येत नाही, हा तुरुंग फार वाईट.

रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याची वेळ असे. देवाने काय दिले ते एकेकाने उभे राहून सांगायचे आणि पाळकांनी हात वर करून म्हणायचे, "देवाची स्तुती असो!" तीस वर्षे त्याच लोकांच्या त्याच साक्षी. ओठ थांबले की म्हणायचे, एवढे त्यांना पुरे होते. त्या दिवशीही मी खिशातच होतो.

शेवटी बाई उभ्या राहिल्या. आजवर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"माझी दृष्टी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभरात. घरी सांगून पाहिलं. मला फार भीती वाटते."

ओठ थांबले. पाळकांनी हात वर केले.

"देवाची स्तुती असो!"

मी डबीत किंचाळलो. एरवी माझ्या शिट्टीवर मंडळी हसायची. त्या दिवशी कुणी हसले नाही. पहिल्या बाकावरच्या सुतारदादांनी मान खाली घातली. पाळकांनी एकेक चेहरा पाहिला आणि त्यांचे हात हळूहळू खाली आले. मग त्यांनी खिसा चाचपला. मला कानात घातले आणि ते सगळ्यांदेखत बाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसले.

"पुन्हा सांग."

बाईंनी तोंड फिरवले.

"आता कशाला?"

"मी ऐकलंच नव्हतं गं. इतके दिवस ऐकलंच नव्हतं."

बाईंनी पुन्हा सांगितले, अगदी हळू, आणि मी त्यातला एक शब्दही सांडू दिला नाही. या वेळी पाळक काही म्हणाले नाहीत. आमेनसुद्धा नाही. ते बाईंचा हात धरून रडले.

आता त्यांच्या कानात नवे यंत्र आहे. ते रोज संध्याकाळी बाईंना वाचून दाखवतात आणि बाई मध्येच बोलल्या की पुस्तक मिटून ऐकतात. मी कप्प्यात, त्याच डबीत आहे. झाकण बाहेरून उघडते, म्हणून मला कुणाची तरी वाट पाहावी लागते. कधी काही शोधताना बाईंची बोटे डबीला लागतात. त्या झाकण काढतात, मला चाचपतात आणि पुन्हा लावतात.

मित्रांनो, तुमच्या मनाचे झाकण मात्र आतून उघडते. बाहेर कुणीतरी हळू आवाजात काही सांगत असेल. ती घरातलीच कुणी असेल, तिच्या तोंडून प्रभूही बोलत असेल. तिला उभे राहून चारचौघांत सांगायला लावू नका.