सहा नंबरचा बीकर

नोंदतक्ता. टाकी सहा. सकाळ.
पाणी: ठीक. हवा: ठीक. शेवाळ: घातलं.
खातात का:

हा रकाना भरायचा राहिलाय आणि माझं डोकं तिथेच अडकलंय.

कोळंबीचं पिल्लू नीट खात असलं की त्याच्यामागे विष्ठेचा बारीक दोरा लोंबतो. टाकीतलं पाणी बीकरमध्ये घ्यायचं, दिव्यासमोर धरायचं, दहा पिल्लं बघायची. काल दहाच्या दहा दोरे होते.

आज सात.

पहिल्या चार टाक्या गेल्या आठवड्यातच मेल्या, पाचवी काल संध्याकाळी. उरली ही. मामा, म्हणजे शेडचे मालक आणि आईचे थोरले भाऊ, परवाच म्हणाले, "हीपण गेली तर शेडला कुलूप. तुझं शास्त्र बघितलं पुष्कळ."

पुन्हा बघितलं. सहा.

"मामा! बोट!"

मामांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं. "मीठ बघतोय."

"त्याला यंत्र आहे."

"यंत्र परवाचं. बोट साठ वर्षांचं."

"त्याच बोटाने घालवल्यात पाच टाक्या!"

"अगं, बोट आहे की विळा?"

कारण: मालकांचं बोट.
पेन कागदातून आरपार गेलं.

भांडी धुणाऱ्या मावशी दारात घुटमळल्या. "ताई, रागावणार नसाल तर विचारते."

"रागावलेलीच आहे. विचारा."

"धुवायला रोज पाच नंबरचाच बीकर येतो. सहाचा चार दिवस खिळ्यालाच आहे. कोरडा ठणठणीत."

बीकरवर नंबर मी रंगवले. ज्या टाकीचा बीकर त्याच टाकीला, हा नियम माझा, भिंतीवरचं अक्षर माझं. आणि पाचची पिल्लं मरत होती तेव्हा दर तासाला तिथे बघायचं, आणि तोच ओला बीकर घेऊन सहाकडे धावायचं. निदान इथे तरी ठीक आहे ना? बुडव. बघ. पुन्हा बुडव.

कारण: मालकांचं बोट. (खोडलं.)
कारण: मी.

खिळ्यावरचा बीकर काढला. पाणी घेतलं. दहा पिल्लं.

चार.

भिंतीवरचा पुढचा नियमही माझाच: दहात पाचाच्या खाली दोरे गेले तर पिल्लं मारून टाकी रिकामी करायची, नाहीतर रोग शेजारच्या खोलीतल्या अंडी देणाऱ्या माद्यांपर्यंत पोचतो.

मामा खांद्यावरून तक्ता वाचत होते. 'कारण'वर थोडे थांबले. मग म्हणाले, "पाच लिही."

"चार आहेत."

"चष्मा पूस. पाच असतील. कोण येतंय मोजायला?"

"कुलूप लावणार तुम्हीच ना?"

"म्हणून तर सांगतोय, पाच लिही."

खातात का: दहात चार.

ब्लीचिंग पावडर टाकली. थांबलो. बूच हलेना, मीच घट्ट ठोकलेलं. मामांनी बाह्या सरसावल्या आणि दोघांनी मिळून ओढलं. पाणी जाताना शेवटी घशात अडकल्यासारखा आवाज झाला.

मावशींनी सहाचा बीकर धुतला आणि सवयीने सहाच्याच खिळ्याला टांगला.

मामा कधीचे कपाट उचकत होते.

"काय शोधताय?"

"कुलूप."

कुलूप दाराच्या कडीलाच लटकत होतं, त्यांच्या नाकासमोर. मामा खालचा खण उघडून बघायला लागले.