इथूनच आपण आत आलो होतो

माझ्या भावाने पिक्चर काढला आणि त्यात चार-दोन माणसं सोडली तर बाकी सगळे मासे. बोलत कुणीच नाही, सगळे गातात. भांडण गाण्यात, जेवण गाण्यात. नगराध्यक्ष हाताला खेकड्याच्या नांग्या लावून गातो आणि मागे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचा धडाका. याला रॉक ऑपेरा म्हणतात, असं लितोयने मला समजावलं. मी म्हटलं, "म्हणत असतील बाबा. तिकिटं विकायची आहेत मला, तुला काय!"

इलोइलोच्या एस्त्रेया थिएटरात खालची खिडकी माझी. बाल्कनीची खिडकी वळणाच्या गल्लीत, तिथे पुरिंग बसते. 'सात माशांचं लग्न' लागला त्या सकाळपासून लितोय समोरच्या बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सुपाच्या टपरीवर ठाण मांडून बसला होता. आत जायची छाती नाही. एक वाडगा संपला की दुसरा, आणि दर वेळी टपरीतून मान काढून मला खुणेने विचारणार, काय म्हणतात लोक? मी खुणेने सांगणार, नीट जेव आधी.

खरं तर काय म्हणतात ते मलाही हवंच होतं. पिक्चर मी पाहिला नव्हता. खिडकीतून हलता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. भिंतीतून ड्रम आणि गाण्यांचे सूर तेवढे ऐकू यायचे. मग बाहेर पडेल त्याला मी खिडकीतून हटकायचे.

ट्रायसिकलवाला नोंग आम्बो पहिल्यांदा सापडला. "काय हो, कसा आहे?"

"पैसे वसूल! पाण्याखालून मोटरसायकलवर एक नन जाते. का जाते ते विचारू नका."

"आणि लितोय सांगत होता तो होडीवाला? तो मरतो का शेवटी?"

"मरतो कसला! घरी येऊन भात चापतो की चांगला."

माझा जीव भांड्यात पडला. तो पडतोय तोवर माएस्त्रा लुमेन बाहेर आल्या. या आमच्या शाळेच्या जुन्या बाई, अजून चुका काढायची सवय गेलेली नाही. "फ्लोरदेलिझा, तुझ्या भावाला ताल कळत नाही. आणि तो होडीवाला मेला ते बरं झालं, फार गात होता."

"मेला? बाई, तो भात खातो ना शेवटी?"

"कसला भात? नाकातोंडात पाणी जाऊन मेला. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. ब्लड प्रेशर आहे मला, उठलेच तिथून."

मग नर्सिंगच्या तीन पोरी आल्या. एक डोळे पुसतेय, एक खिदळतेय, तिसरी म्हणते, "मानांग ताई, आम्हाला शेवट कळला नाही. त्याची बायको चूल फुंकत असते, तो समोर बसून जेवतो आणि ती त्याच्याकडे बघतच नाही. भांडण झालंय का त्यांचं?"

"तुम्ही आत कधी गेलात?"

"मासे कोर्टात बसले होते तेव्हा. आणि नंतर लग्नाचं गाणं लागलं तसे निघालो, हिचा वर्ग आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पिक्चर पहिल्यापासून कोण बघतं? बाजार उरकला, ऊन लागलं, की तिकीट काढून आत. मधूनच बसायचं, शेवट बघायचा, मग पहिली रिळं पुन्हा लागतात ती बघायची, आणि आपण आलो तो भाग आला की शेजारच्याला कोपर मारून म्हणायचं, "चल, इथूनच आपण आत आलो होतो." उठायचं आणि चालू लागायचं. वर्गाची घाई असली तर त्याआधीही. म्हणजे एकाच पिक्चरचे जितके लोक तितके शेवट!

मग मी प्रत्येकाला आधी विचारायला लागले, कुठून बसलात आणि कुठे उठलात. रद्दी तिकिटांच्या पाठीवर लिहून घ्यायला लागले. एका खाटकाने तर सांगितलं की त्याला पिक्चरमधलं काही कळलं नाही, पण आता आठवडाभर मासा खाववणार नाही. तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत पिक्चर माझ्या हातात जुळला. आधी होडीवाल्याचं लग्न. मग वादळ आणि होडीवाला बुडतो. मग माशांचं कोर्ट, मोटरसायकलवाली नन, सगळा तमाशा. आणि शेवटी तो घरी येऊन भात खातो, पण तो असतो मेलेला, म्हणून बायकोला दिसत नाही.

होडीवाला कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमचे ताताय, म्हणजे वडील, अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गिमारास बेटाच्या पलीकडे जाळी टाकायला गेले. होडी सापडली. ते नाही सापडले. आमच्या घरात 'वारले' म्हणत नाहीत, 'अजून आले नाहीत' म्हणतात. नानायला, आमच्या आईला, सोसणार नाही म्हणून. चर्चमध्ये नोव्हेंबरात मृतांची नावं वाचतात, त्या यादीत मी त्यांचं नाव कधी जाऊ दिलं नाही. नानायच्या जिवाला जपायचं म्हणून मी एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले, आणि या शहाण्याने तातायना ड्रम लावून बुडवलं!

जेवायच्या सुट्टीत मी तडक टपरीवर गेले. "लितोय, तातायना बुडवलंस तू."

त्याने शेवया तोंडातच धरल्या. "बघितलास?"

"बघायला कशाला हवा? लोक सांगतात. नानायने पाहिला तर काय होईल याचा विचार केलास?"

"नानायसाठीच काढलाय मी."

"तिचा जीव जाईल! तेवढ्यासाठी काढलास का?"

"मानांग, तू एकदा बघ ना. फक्त एकदा."

"माझं डोकं फिरलेलं नाही अजून," मी म्हटलं आणि त्याच्या वाडग्यातलं अंडं खाऊन परत आले. रागात मला भूक फार लागते.

दोन वाजता नानाय आलीच. चर्चचा पोशाख, केसांना तेल, हातात पंखा. "एक तिकीट दे, लेकाचा पिक्चर बघते."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळं इलोइलो बघून आलेलं. पण दोन दिवसांचा माझा अभ्यास होता ना! लग्नाचं गाणं संपून भिंतीपलीकडे ड्रम वाजत होते, म्हणजे वादळ सुरू झालं होतं. ते संपल्यावर नानायला आत सोडलं, तर तिला कोर्ट दिसेल, नन दिसेल, नवरा घरी येऊन जेवताना दिसेल. मग लग्न. आणि वादळ येण्याआधी मी आत जाऊन तिला कोपर मारीन, चल नानाय, इथूनच आपण आत आलो होतो. तिच्यापुरते ताताय जिवंत राहतील. मला माझंच कौतुक वाटलं.

"नानाय, सुट्टे नाहीत माझ्याकडे. थांब जरा."

"मी सुट्टेच दिलेत."

"हो का? बघू. आणि गुडघा कसा आहे? डुक्कर जेवलं का? शेजारच्या मुलीचं ठरलं का काही?"

"फ्लोरदेलिझा, तुला बरं नाही का?"

"मला काय होतंय! तू सांग ना, ठरलं का?"

ती सांगत राहिली, मी कान भिंतीला लावून हुं हुं करत राहिले. शेवटी ड्रम थांबले. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप झालं आणि मग एका माशाचा बारीक आवाज गाऊ लागला. मी तिकीट फाडून दिलं. "जा, जा, सावकाश बस."

पुढचा दीड तास मी घड्याळाकडे बघत काढला. लग्नाचं गाणं संपत आलं तशी पुरिंगला गल्लीतून हाक मारली, "माझी खिडकी बघ जरा, नानायला घेऊन येते." पुरिंग आली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण तिने नुसतीच मान हलवली.

आत काळोख. बॅटरी खाली धरून मी रांगा शोधत गेले. नानाय मधल्या रांगेत, पंखा मांडीवर, ताठ बसलेली. मी वाकून कोपर मारलं. "चल नानाय, इथूनच आपण आत आलो होतो."

"खाली बस. मागच्यांना दिसत नाही."

"अगं, पुढचं सगळं तू पाहिलंयस!"

"पुढचंच बघायचंय मला." तिने माझा हात धरून मला खाली ओढलं. पासष्टीच्या बाईच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. "काल सकाळी पहिल्याच खेळाला आले होते मी. वर, बाल्कनीत. पुरिंगला शपथ घातली, तुला सांगू नको म्हणून."

"काल? आणि सगळं पाहिलंस?"

"सगळं. आज एवढाच भाग बघायला आले होते, तर तू सुट्ट्या पैशांवरून आणि डुकरावरून तो घालवलास. म्हणून बसले पुन्हा येईस्तोवर. त्या खेकड्याचं गाणं दुसऱ्यांदा ऐकलं तुझ्यापायी."

पडद्यावर होडी निघाली. वल्ह्यावर लितोय स्वतः, गालफडं तातायसारखीच, मान तशीच कलती. गिटार सुरू झाली. मी खाली बघायला लागले, माझ्या चपलांकडे.

"नानाय, कशाला बघतेस हे?"

"मला कुणी दाखवलं नाही ग. होडी दाखवली, जाळं दाखवलं. तो कसा गेला असेल ते रोज मनात येतं, आणि बोलायचं कुणापाशी? दर नोव्हेंबरात मी फादरकडे नाव द्यायला निघाले की तुला ताप यायचा. खरा ताप, अंग तापलेलं. सतरा वर्षांची होतीस. मी म्हटलं, पोरीला पेलेल तेव्हा बोलू. मग तू अठराची झालीस, वीसची झालीस, अठ्ठाविसाची झालीस."

"मी तुझ्यासाठी गप्प होते."

"आणि मी तुझ्यासाठी. 'ताताय गेले' म्हणून लितोय बापडा एकटाच ओरडत होता, तर तू त्याला घरातून हाकलायला निघालीस. वर बघ."

मला बघायचं नव्हतं. ड्रम भिंतीतून ऐकणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं, बाकडं हादरत होतं. नानायने माझी हनुवटी धरून वर केली, लहानपणी नाक पुसायला करायची तशी. वादळ म्हणजे निळ्या कापडाचे लांब पट्टे होते, दोन्ही बाजूंनी माणसं ओढत होती, त्यांचे हात सुद्धा दिसत होते. त्या कापडात ताताय गात होते. छातीपर्यंत कापड आलं, गळ्यापर्यंत आलं, गाणं चालूच. मग तोंडावरून गेलं. ड्रम थांबले. कापड सपाट झालं आणि तसंच सपाट राहिलं, आणि मी वाट बघत होते की आता डोकं वर येईल, आता येईल. नाही आलं.

माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. हुंदका नव्हे, हंबरडाच. तोंडावर हात धरला तरी थांबेना. सगळं थिएटर वळून बघायला लागलं.

मागच्या रांगेतून एक माणूस खेकसला, "अहो बाई, रडायचं तर बाहेर जाऊन रडा! कापड आहे ते, सिनेमा आहे नुसता!"

नानाय मागे वळली. "रडू द्या तिला," ती म्हणाली. "तिचे वडील वारलेत."

थोड्या वेळाने त्या माणसाने आमच्या दोघींच्या मधून कलिंगडाच्या भाजलेल्या बियांचा पुडा पुढे केला, आणि नानायने त्यातल्या मूठभर घेतल्या.