‘सहल’ लिहिलेला पासपोर्ट

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा पूर्वरंग आटोपतात, कपाळाला बुक्का लावून घेतात आणि मग आख्यानाला हात घालतात. तसं एक आख्यान आज मी तुम्हांला सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक आई आहे, आणि तिला समुद्रापलीकडं जायचं आहे.

मी एक जुना पासपोर्ट आहे. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली मी जन्माला आलो. माझ्यात दोन माणसं राहत होती. वाईजवळचे शेतकरी नाथाजी जगदाळे आणि त्यांची बायको बनुबाई. त्या काळी नवराबायकोला मिळून एकच पासपोर्ट चाले. एका पानावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी, लग्नाच्या पाटावर बसवल्यासारखे.

त्यांचा एकुलता मुलगा अर्जुना पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात लढताना तो इटलीत कामी आला. त्याचा सोबती मानसिंग सुखरूप परतला आणि त्यानं सांगितलं, "काकी, थितं अर्जुनाच्या नावाचा दगड हाय. मी सोता हात लावून आलोय." त्या दिवसापासून बनुबाईनं एकच धोशा लावला. मला त्या दगडापाशी न्या.

पण परक्या देशात शिरायचं म्हणजे त्या देशाची परवानगी हवी. तिला व्हिसा म्हणतात. मित्रांनो, त्या एका शिक्क्यासाठी म्हाताऱ्यांनी किती उंबरे झिजवले! पाटलाचा दाखला झाला, पोलिसांची चौकशी झाली, दोघांनी देवीची लस टोचून घेतली. मग त्या देशाच्या मुंबईतल्या कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला एक कागद कमी पडला, दुसऱ्या खेपेला कचेरीला सुट्टी निघाली. तिसऱ्या खेपेला कारकुनानं विचारलं, "कशासाठी जाताय? व्यापार, शिक्षण की सहल?"

"पोराच्या दगडाला भेटाय," बनुबाई म्हणाली.

कारकुनानं टाक रकान्यांवरून वरखाली फिरवला. "बाई, तसा रकाना नाही इथं. सहल लिहितो."

"सहलीला चाललोय व्हय आमी?" ती कळवळली.

नाथाजी म्हणाले, "लिव्हू दे गं. आपल्याला ठावं हाय न्हवं, बास झालं."

आणि माझ्या पानावर शिक्का उमटला. त्या दिवशी माझी छाती फुगली. गावी परतल्यावर घाटावर कीर्तन होतं. बुवांनी मला सगळ्यांपुढं उंच धरलं. टाळ वाजले, लोकांनी हरिनामाचा गजर केला. एवढा मान कुठल्या पासपोर्टला मिळाला असेल?

बोटीची तारीख वैशाखात होती. निघायच्या सकाळी बनुबाईनं मला उघडलं. आपला फोटो तिनं पहिल्यांदाच नीट पाहिला आणि ती चरकली. फोटोवाल्याच्या उजेडात तिचं कपाळ पांढरंफटक आलं होतं. कुंकवाचा मागमूस नव्हता. जित्या नवऱ्याशेजारी मोकळ्या कपाळानं बसून समुद्र ओलांडायचा? तिनं फणीकरंड्याच्या पेटीतून मेणाची डबी काढली. फोटोतल्या कपाळाला बोटानं मेण लावलं, त्यावर ठसठशीत कुंकू टेकवलं आणि मला मिटून देवापुढं ठेवलं. खरं सांगू? मलाही ते गोड वाटलं. मी वेडा!

मग मी नाथाजींच्या बंडीच्या खिशात गेलो. मोटारीतला उकाडा, आगगाडीतली घुसमट, छातीवरचा घाम. मेण विरघळू लागलं. कुंकू कपाळावरून डोळ्यांत आलं, डोळ्यांतून गालांवर. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठं होतं ओरडायला?

मुंबईच्या धक्क्यावर कागद तपासणाऱ्या साहेबानं मला उघडलं. नाथाजींच्या शेजारी नुसता तांबडा डाग होता.

"या बाईंचा चेहरा कुठं आहे?"

"ही काय मी तुमच्या म्होरं उभी हाय," बनुबाई म्हणाली. "बघा की नीट!"

"बाई, तुम्ही दिसता. पण तुमचा चेहरा जुळवू कशाशी? असं पाठवलं तर पलीकडचे लोक तुम्हांला उतरू देणार नाहीत. नवा पासपोर्ट करा, नवा व्हिसा घ्या. बाबा, तुमचा फोटो ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

बोटीचा भोंगा झाला. बनुबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही. तिनं गाठोडं नाथाजींच्या हातात कोंबलं. "आवं, जावा तुमी. बघत काय ऱ्हायलाय? जावा!"

नाथाजी शिडीच्या चार पायऱ्या चढले. पाचवीवर थांबले. मग मला मुठीत आवळून खाली उतरले.

"का आलासा माघारी?"

"त्यानं इचारलं, आई कुठं हाय, तर काय सांगू?"

"दगड इचारतोय व्हय?"

"तू त्या दगडालाच भेटाय निघाली हुतीस न्हवं?"

बोट सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं धक्क्यावर बसून होते. शेवटी बनुबाई एवढंच म्हणाली, "माझंच बोट झडलं असतं तर बरं झालं असतं." नाथाजींनी ते बोट हातात धरून ठेवलं.

नवा पासपोर्ट यायला सव्वा वर्ष लागलं. तो आला तेव्हा बनुबाई या जगात नव्हती. नाथाजींनी तो उघडलासुद्धा नाही.

मित्रांनो, आम्हां कागदांना जपा. आमच्या अंगावर लिहू नका, डाग पाडू नका. आमच्यात माणसांचे जीव अडकलेले असतात. आणि उद्या कचेरीत बसलात, तर रकान्यात न मावणारं माणूस समोर आलं की दोन शब्द मायेनं बोला. तो कारकून बोलला, तो साहेबही बोलला. त्यांना मी दोष देत नाही. बिचाऱ्या बनुबाईला तर कसा देऊ?

माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी सहलीला इटलीला गेलंच, तर अर्जुना नाथाजी जगदाळे या नावाचा दगड शोधा. त्याची आठवण ठेवा. त्याच्यापुढं घटकाभर उभे राहा आणि त्याला सांगा, बाळा, तुझी आई घरातून निघाली होती.