नानांची अढी

"दोन्ही हात धरले, की पाठ फिरवता येत नाही." तोताराम सरांचं हे वाक्य देवपूरच्या कॉलेजात वीस वर्षं गाजत होतं. अल्कीन शिकवायला लागले, की सर पुढच्या बाकावरच्या दोन पोरांना उभं करायचे. एकेकच हात धरायला लावून म्हणायचे, फिरा. पोरं गर्रकन फिरायची. मग दोन्ही हात धरायला लावायचे. आता पोरं अडकायची, आणि अख्खा वर्ग खिदळायचा. "हाच द्विबंध. दोन कार्बन असे दोन्ही हात धरून उभे असतात. पाठ फिरवायची, तर आधी एक हात सोडावा लागतो." शिकवायला माणूस एक नंबर, त्यात वादच नाही. पण स्वतःच्या सख्ख्या भावाकडे अकरा वर्षं पाठ फिरवून बसला होता, ते वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं.

भाऊ म्हणजे झुलालनाना. जळगावात पिंप्राळ्याला राहायचे. बाप लवकर गेला, तेव्हा नानांनी सातवीतून शाळा सोडली आणि केळीच्या वखारीत हमाली धरली, ती तोतारामची शाळा सुटू नये म्हणून. पुढे नानांनी स्वतःची वखार केली. कच्च्या केळीच्या फण्या बंद खोलीत रचायच्या, मडक्यात भुसा पेटवून आत ठेवायचा आणि दार मातीने लिंपून टाकायचं. दार कधी उघडायचं, ते नाना नुसत्या वासावर सांगत. त्या धुरावर तोताराम एम.एस्सी. झाला.

आणि शिकलेल्या माणसाने काय करावं? देवपूरला घर बांधलं, वास्तुशांतीला कॉलेजचे सगळे प्राध्यापक बोलावले. नाना नवं धोतर नेसून, टोपी घालून आले. पंगतीत कोणीतरी केळीचा विषय काढला आणि नाना खुलले. "केळी धूरमा पिकस, साहेब. धूरमा जीव ऱ्हास." दोघे-तिघे गालात हसले. तोतारामच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"नाना, धुराने काही होत नाही. खोलीतल्या उबेने पिकतात," तो म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता, तर निभावलं असतं. पण जिभेला हाड नसतं. "अडाण्यासारखं बोलू नको. लोक हसतात."

नाना पाटावरून उठले. पानावरच्या वरणपोळीला हात लागला नव्हता. "बराबर शे तुनं," एवढंच म्हणाले, आणि मंजुळावहिनींना घेऊन चालते झाले. त्यानंतर हा गेला नाही आणि ते आले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळालाच नव्हता, दोन्हीकडे नुसता पीळ.

यंदाच्या चैत्रात सीईटीची उजळणी चालू होती. सर इथीन शिकवत होते. इथीन हा अल्कीनांतला सगळ्यांत धाकटा, दोन कार्बनचा वायू. पिकणारं फळ तो स्वतःच सोडतं, आणि त्याने शेजारचं फळही पिकायला लागतं. तेवढ्यात शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली रुपली उभी राहिली. "सर, आमच्याकडे केळीच्या घडाला धूर देतात. त्या धुरात इथीन असतो का?"

"छे, छे, धुरात कुठला..." सर बोलले, आणि खडू हातातच राहिला.

घरी येऊन त्यांनी पुस्तकं काढली. पाला, भुसा, लाकूड अर्धवट जळलं, की त्या धुरात थोडा इथीन असतोच, आणि बंद खोलीत फळ पिकायला तेवढा पुरतो. पान उघडं ठेवून तोताराम पलंगावर बसून राहिला. नाना खरं बोलत होते. त्यांना त्या वायूचं नाव माहीत नव्हतं, एवढंच. नाव माहीत असलेल्या गाढवाने त्यांना भरल्या पंगतीत अडाणी म्हटलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला तरी त्याला कळलं नाही.

आता जायचं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत जायचं, नानांचे पाय धरायचे आणि म्हणायचं, नाना, तू बरोबर होतास. वाक्य ठरलं. पण दारातूनच हाकललं तर? म्हणून आधी अंदाज घ्यावा म्हटलं. नानांजवळ मोबाईल नव्हता, फोन वहिनींचा. वहिनींना कमी ऐकू येतं, हे तोतारामला चांगलं ठाऊक होतं. पण घाबरलेला माणूस हळूच बोलतो.

"वहिनी, मी तोताराम. नानाच्या मनातली अढी गेली का हो?"

 पलीकडून वहिनींचा मोठा आवाज आला, "अढी? नही ना भाऊ! अढी तशीच शे. कोणले हात लावू देतस नही. रोज तुमनंच नाव लेतस."

तोतारामने फोन ठेवला. अकरा वर्षांनी अढी तशीच, आणि वर रोज आपल्या नावाने खडे फोडतात! त्याला वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी रागही आला. एवढं काय मोठं बोललो होतो? राहू दे मग. आखाजी झाल्यावर बघू. वहिनींचे त्यानंतर दोन फोन येऊन गेले. त्याने उचलले नाहीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तिसरा फोन आला, तो नानांच्या शेजाऱ्याचा होता. नाना गेले. अंघोळीला पाणी काढताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

जळगावच्या वाटेवर पारोळा, एरंडोल कधी मागे पडलं, त्याला कळलं नाही. नानांना मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी त्यालाच द्यावा लागला. चिता धडधडली आणि धूर निघाला. तोताराम त्या धुराकडे बघत पुटपुटला, "नाना, तू बरोबर होतास." बाजूच्या माणसाला वाटलं, सर मंत्र म्हणताहेत.

संध्याकाळी घरात बायांचं रडणं जरा निवलं, तेव्हा वहिनींनी त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. खोलीभर गोड, आंबूस वास होता. कोपऱ्यात गव्हाच्या काडाचा हा एवढा ढीग, वर गोणपाट.

"ही पहा तुमनी अढी," वहिनी म्हणाल्या. "दर आखाजीले लावतस. कोणले खाऊ देतस नही. म्हनतस, तोत्या येई, त्यानासाठे शे. तुम्ही येत नहीत, मंग आखाजीना दुसरा दिन गल्लीमा वाटी टाकतस. औंदा तुमना फोन उना आन् पोर व्हयनात हो! म्हने, तोत्यानी अढी विचारी! आते येवावर शे! रोज काड उपसीसन पहेत."

 तोतारामने खाली बसून गोणपाट ओढलं आणि आंबे पिकत घातलेल्या त्या काडात हात घातला. अकरा अढ्या. अकरा आखाज्या. वरचे आंबे पिवळेधमक होते, खालचे मऊ पडून फुटले होते. ढिगाच्या मधोमध एक केळं सापडलं, काळंठिक्कर. बाकीच्यांना लवकर पिकवायला नानांनी पिकलं केळं ठेवलं होतं. ही युक्ती कोणत्या वायूची, ते तोताराम वीस वर्षं फळ्यावर लिहीत आला होता. केळं हातात घेऊन तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

वहिनी शेजारी टेकल्या. पदराने त्यांनी आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मी पडनू बहिरी," त्या म्हणाल्या. "त्या दिन तुम्ही हळू बोलनात. माले निस्तं 'अढी' ऐकू उनं. मी काही भलतंच तर नही सांगं ना, भाऊ? म्हनीसन तर तुम्ही उनात नही?"

त्या डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"नाही, वहिनी," तोताराम त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाला. "तुम्ही बरोबरच सांगितलं. मी आंब्याचंच विचारलं होतं."